कोतवालाच्या वहीपासून दिल्लीच्या तक्त्यापर्यंत

जानेवारी १६०१ मध्ये असीरगड पडला आणि फारुकींचे खानदेश मुघलांचा सुभा झाले. बऱ्हाणपूर हे त्याचे मुख्य ठाणे. त्या मोहिमेत अकबराचा इतिहासकार अबुल फझल जातीने हजर होता. तेव्हा ‘आईन-इ-अकबरी’त त्याने सांगितलेली कोतवालाची कर्तव्ये वाचताना आपण ताप्तीकाठचे हे शहर डोळ्यांसमोर आणले तर गैर ठरू नये. कोतवालाने घरांची आणि रहदारीच्या वाटांची वही ठेवावी, शहराचे मोहल्ले पाडून प्रत्येकावर एक मीर-महल्ला नेमावा, कोण आला नि कोण गेला याचा रोजचा अहवाल त्याच्याकडून घ्यावा. इथवर सारे आजच्या ठाण्यालाही शोभेलसे. पुढची अट मात्र करडी आहे: चोर आणि चोरीचा माल शोधून काढावा, नाहीतर नुकसानीला कोतवालानेच जबाबदार राहावे. नोंद ठेवणारा आणि भरपाईला बांधलेला माणूस एकच, अशा व्यवस्थेत किती चोऱ्या वहीपर्यंत पोचत असतील? गुन्ह्यांच्या आकड्यांचा पुढचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो, असे मला वाटते.

१७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले आणि पुढे शिंद्यांकडे गेले. मराठी मुलखातल्या गावची रीत इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात नोंदवली आहे. चोरी झाली की जागल्याने किंवा रामोशाने पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावाची, नाहीतर भरपाईचा बोजा आपल्याच गावावर. यात हिशेब होता तो पैशाचा. भरपाई होऊन मिटलेली चोरी कागदावर उरण्याचे कारणच नव्हते.

गुन्हे मोजायचे आणि देशभराचे मोजायचे, ही कल्पना युरोपात रुजली. फ्रान्सने १८२५ सालचे न्यायालयीन आकडे १८२७ मध्ये छापले आणि केतले, गेरी यांसारख्या अभ्यासकांनी त्यांत समाजाचे नियम शोधायला सुरुवात केली. आपल्याकडे मोजण्याआधी नावे ठरवावी लागली. १८६० च्या दंडसंहितेने प्रत्येक गुन्ह्याला व्याख्या आणि कलम दिले. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या ४४ व्या कलमाने ठाण्याच्या अंमलदाराला दैनंदिनी बंधनकारक केली. आलेल्या तक्रारी, अटक झालेल्यांची व फिर्यादींची नावे, जप्त हत्यारे आणि माल, साक्षीदार, सारे तीत लिहायचे आणि तेही सरकारने ठरवून दिलेल्या नमुन्यात. शिंद्यांचे बऱ्हाणपूर इंग्रजांच्या निमाड जिल्ह्यात आले तेही याच सुमारास, म्हणजे नवा कायदा आणि नवा अंमल इथे जवळपास बरोबरच उतरले. जुना रोजनामचा मात्र नावासकट टिकला. मध्य प्रदेशच्या ठाण्यांत आजही ‘रोजनामचा सान्हा’ लिहिला जातो आणि बऱ्हाणपूर शहराच्या एका ठाण्याचे नाव अजून कोतवालीच आहे. फिर्याद लिहून घेण्याचे १५४ वे कलम १८८२ च्या संहितेत आले आणि १८९८ व १९७३ च्या संहितांतही त्याच क्रमांकावर राहिले.

नमुना एक झाला, पण लिहिणाऱ्याची भीती गेली नाही. आता भरपाई द्यावी लागत नव्हती. वार्षिक अहवालात गुन्हे वाढलेले दिसले की वरिष्ठांचा ठपका मात्र येई. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर राहिलेल्या अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने हे नेमके हेरले: पोलिसांचे काम आकड्यांवरून जोखले की गुन्हे दडपले जातात. १९७७ ते १९८१ या काळात धरम वीरा यांच्या राष्ट्रीय पोलीस आयोगालाही नोंदच न होणाऱ्या गुन्ह्यांवर लिहावे लागले. पाऊण शतकाने तेच दुखणे पुन्हा तपासावे लागले, याला काय म्हणावे!

स्वतंत्र भारताने १९५३ पासून ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल सुरू केला, प्रथम गुप्तवार्ता विभागाकडून. बलात्काराचा स्वतंत्र रकाना त्यात १९७१ मध्ये आला. त्याआधीच्या वर्षांत तो गुन्हा राष्ट्रीय तक्त्यात वेगळा दिसतच नाही. १९८६ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाला आणि राज्याराज्यांच्या वेगळ्या बोलींची अडचण त्याच्यापुढे आली. बऱ्हाणपुरात संशयास्पद मृत्यूचे प्रकरण ‘मर्ग’ म्हणून नोंदतात, शेजारच्या, पण महाराष्ट्रातल्या रावेरला ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून. इकडे तपास ‘खात्मा’ किंवा ‘खारिजी’ने बंद होतो, तिकडे ‘अ’, ‘ब’, ‘क’ समरीने. दिल्लीत यांची बेरीज व्हायची तर दोन्हीकडचा कागद एकाच साच्याचा हवा. म्हणून प्रथम माहिती अहवालापासून दोषारोपपत्रापर्यंत एकात्मिक नमुने आले. त्यांना संगणकावर जोडणाऱ्या ‘सीसीटीएनएस’ योजनेला २००९ मध्ये मंजुरी मिळाली. लिहायचे की नाही हा निर्णय अंमलदाराच्या हातून काढण्याचे खरे पाऊल सर्वोच्च न्यायालयाने उचलले: १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी सांगितले की माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद करणे बंधनकारक आहे. मध्य प्रदेश बलात्काराच्या नोंदींत अनेक वर्षे देशात पहिला दिसे, तेव्हा त्या आकड्यात गुन्हे किती आणि नोंदवण्याची तयारी किती, हा प्रश्न आपण विचारायलाच हवा. गुन्हे वाढणे आणि नोंदी वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी ताकीद गुन्हे नोंद विभाग स्वतःच देतो.

एक जुना नियम तरीही तग धरून राहिला. एका फिर्यादीत अनेक गुन्हे असले तर तक्त्यात फक्त सर्वांत जबर शिक्षेचा गुन्हा मोजायचा. बलात्कार करून खून झाला तर आकडा वाढतो तो खुनाचा. अमेरिकेत १९३० पासून असाच नियम होता, तो त्यांनी २०२१ मध्ये प्रत्येक घटनेतील सर्व गुन्हे नोंदवणाऱ्या पद्धतीवर जाताना सोडला. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी संहिता लागू झाल्या आणि कलमांचे क्रमांकच बदलले: खुनाचे ३०२ आता १०३, चोरीचे ३७९ आता ३०३ आणि फिर्यादीचे १५४ आता १७३. त्यामुळे २०२४ हे एकच वर्ष जुन्या आणि नव्या संहितांत विभागले गेले आहे. नव्या कायद्यात गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्याला लिहून घ्यावी लागते. शिवेपलीकडे गेलेला माग आता फिर्याद नाकारायला पुरेसा नाही.