मुलाच्या रक्तातील साखर: उकळत्या परीक्षानळीपासून दंडावरच्या सेन्सरपर्यंत

१/ ११ जानेवारी १९२२. टोरांटोच्या रुग्णालयात १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. २३ जानेवारीस दिलेल्या अधिक शुद्ध अर्काने त्याला गुण आला. टाइप १ मधुमेहाने दगावणारी मुले आता जगू लागली. एक प्रश्न मात्र उरला: या घटकेला रक्तात साखर किती?

२/ प्रश्न जीवनमरणाचा होता. इन्सुलिन कमी पडले तर साखर चढते. जास्त झाले तर ती उतरते, झटके येतात, शुद्ध हरपते. झोपलेल्या मुलाला तर हाकही मारता येत नाही.

३/ कित्येक दशके घरी होती ती केवळ लघवीची तपासणी. बेनेडिक्टचे निळे द्रावण लघवीसह उकळले, की साखरेच्या प्रमाणानुसार ते हिरवे, पिवळे, अखेर विटकरी होई. पण रक्तातील साखर डेसिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावरच ती लघवीत उतरते. द्रावण निळे राहिले, तर साखर योग्य आहे की धोकादायक पातळीपर्यंत घटली आहे, हे कळत नसे.

४/ १९६०च्या दशकात रक्ताच्या थेंबाने रंग बदलणारी 'डेक्स्ट्रोस्टिक्स' पट्टी आली. १९७०च्या सुमारास तो रंग वाचणारे यंत्र आले. वजन सव्वा किलोच्या आसपास, आणि तेही डॉक्टरांसाठी. घरोघरी बोटाला टोचून तपासण्याची पद्धत रुजू लागली ती त्या दशकाच्या अखेरीस.

५/ तज्ज्ञ मोठ्या शहरांत. मनमाड हे रेल्वेचे मोठे जंक्शन, तरी मुंबई तेथून सुमारे २६० किलोमीटर. पंचवटी एक्सप्रेसने गाठलेल्या दवाखान्यात मिळणारा आकडा त्या दिवसाचा असे. परतल्यानंतरची रात्र अंधारातच जाई.

६/ त्या अंधारावरचा उपाय १९६२ मध्येच सुचला होता. अमेरिकेत लेलँड क्लार्क यांनी ग्लुकोज मोजणाऱ्या विकर-इलेक्ट्रोडची कल्पना मांडली. सतत मोजणाऱ्या पहिल्या यंत्राला तेथे मान्यता मिळाली ती मात्र १९९९ मध्ये. त्याची नोंद रुग्णाला दिसत नसे; तीन दिवसांनी डॉक्टर ती वाचत.

७/ पुढे आकडा थेट कुटुंबाच्या हाती आला. त्वचेखालचा बारीक तंतू पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोज दर काही मिनिटांनी मोजतो. साखर घसरू लागली, की गजराची सोय असलेले यंत्र रात्रीही आईवडिलांना उठवते. भारतात असा सेन्सर ४ वर्षांवरील मुलांसाठी २०२० मध्ये बाजारात आला.

८/ द्रवातील आकडा रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो. म्हणून लक्षणे आणि आकडा जुळत नसतील, तर आजही बोट टोचूनच खात्री करावी लागते. शिवाय १४ दिवस टिकणारे सेन्सर वर्षाला २६ लागतात. मनमाडच्या घरापासून आकड्याचे अंतर आता किलोमीटरमध्ये नव्हे, रुपयांत मोजावे लागते.