बंद मोटारीची पाठचिकित्सा

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार येते, तेव्हा गर्दीतली बरीच माणसे आधी गाडी पाहतात आणि मग गाडीतल्या मंडळींना. ही जर्मन मोटार छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतली (१९२२ ते १९४०). मेबॅकचा कारखाना १९०९ साली निघाला तो झेपेलिन हवाई जहाजांची इंजिने करण्यासाठी. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने त्या धंद्याला चाप बसला आणि कारखाना १९२१ पासून मोटारींकडे वळला. दुसऱ्या महायुद्धाने तेही काम थांबवले. या दोन दशकांत त्याने केलेल्या मोटारींची एकूण संख्या दोन हजारांच्या आत आहे. अशा गाडीचा सुटा भाग दुकानात मिळण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही तिला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या घटकेला, हजारो डोळ्यांसमोर चालावे लागते, आणि तेही माणसाच्या चालीने. मोटारीची कठीण परीक्षा वेगात नसते, अशा संथ मिरवणुकीत असते. रेडिएटरमधून वारा जात नाही, क्लच सारखा अर्धवट दाबलेला असतो, इंजिन तापत जाते. सोने लुटायला आलेल्या माणसाला यातले काही दिसत नाही. दिसू नये यासाठीच कुणीतरी आधी कित्येक दिवस खपलेले असते.

प्रस्तुत लेखाचा विषय ती राजेशाही मोटार नाही. तिच्यामागे घराणे आहे, मान आहे, वर्षातून एकदा तरी निघण्याची सक्ती आहे. मला विचार करायचा आहे तो ज्यांच्यावर अशी कोणतीच सक्ती नाही अशा गाड्यांचा. वाड्याच्या पडवीत, गुऱ्हाळाच्या छपराखाली, पोत्यांच्या आणि मोडक्या औतांच्या आड चाळीस-पन्नास वर्षे उभ्या राहिलेल्या मोटारींचा. आमच्या पेठ वडगावसारख्या बाजाराच्या गावांत या प्रश्नाला एक इतिहासही आहे. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ साली सुरू झाली, पण तिचे रूळ हातकणंगल्यावरून गेले आणि वडगाव बाजूलाच राहिले. रुळांपासून दूर असलेल्या अशा पेठांचा माल आणि माणसे आधी बैलगाडीने आणि पुढे बैलगाडीच्या जोडीला मोटारीने हलू लागली. १९४८ च्या जून महिन्यात एस.टी. सुरू होण्यापूर्वी महाराष्ट्रात जी खाजगी ‘सर्व्हिस मोटार’ धावत असे, ती बहुधा अमेरिकन असे. फोर्डने १९२६ साली आणि जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत जुळणीचे काम सुरू केले होते, त्यामुळे शेवर्ले आणि फोर्ड ही नावे खेडोपाडी पोचली.

मग या गाड्या बंद का पडल्या? ‘मालकाने दुर्लक्ष केले’ हे उत्तर सोपे आहे, आणि बरेचसे अन्यायाचेही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले. कित्येक मोटारी पाठीवर कोळशाच्या गॅसची भट्टी घेऊन धापा टाकत चालल्या, कित्येक तेव्हाच ठोकळ्यांवर चढल्या. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि मोटारी बाळगणारा एक वर्गच खर्चाच्या हिशेबाला बसला. पण माझ्या मते निर्णायक घाव १९५३ चा. टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना काम आवरते घ्यायला सांगितले. देशी उद्योगाच्या दृष्टीने ते धोरण योग्यच होते, मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांचा प्रीमियर कारखाना उभा होता. मात्र आधीच रस्त्यावर असलेल्या गाड्यांच्या सुट्या भागांची वाट त्यामुळे आटली. दहा रुपयांच्या भागासाठी हजारोंची गाडी उभी राहते, आणि उभी राहिलेली गाडी रोज थोडी थोडी मरते.

हे मरण कसे येते ते समजून घेतल्याशिवाय दुरुस्तीचे मोल कळत नाही. टाकीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळ उरते. तीच कार्ब्युरेटरच्या केसाएवढ्या छिद्रांत बसते. सिलिंडरमध्ये ओल शिरून पिस्टनच्या रिंगा भिंतीला धरून बसतात. रेडिएटरच्या तळाला गाळ साचतो, तारांवरचे कापडी वेष्टन उंदीर आणि काळ मिळून संपवतात. अशा गाडीला नवी बॅटरी जोडून पहिल्याच दिवशी ‘सुरू’ करून पाहण्याचा मोह अनावर असतो. कधी कधी ती सुरू होतेही. टाळ्या वाजतात, छायाचित्रे निघतात. तासाभराने टाकीतला गंज जेटमध्ये अडकतो, सुटलेला गाळ नळ्या बंद करतो, पाणी उकळते, आणि गाडी पुन्हा पोत्यांआड जाते. या वेळी मात्र घरातल्या सगळ्यांची खात्री पटलेली असते की तिच्यात आता काही राहिले नाही. जाणता मेस्त्री म्हणून बॅटरीला हात लावत नाही. तो प्रत्येक प्लगच्या भोकातून तेल सोडतो, दोन-तीन दिवस थांबतो, आणि मग हँडल हाताने अगदी हळू फिरवून पाहतो. गाडी सुरू होणे ही एक घटना असते. ती भरवशाने चालणे ही सवय असते, आणि सवय लावायला महिने जातात.

मेस्त्री हा शब्द कोल्हापुरात फार रुंद आहे. सुतार, गवंडी, यंत्र दुरुस्त करणारा, सगळे त्यात येतात. मराठी चित्रपटाच्या इतिहासातले बाबूराव पेंटर हे आडनावाने मेस्त्रीच, आणि चित्रे रंगवणाऱ्या या माणसाने १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार केला होता. वस्तू परदेशातून येत नसेल तर तिची रचना समजून घेऊन इथे करायची, ही वृत्ती या गावच्या पाण्यात आहे. ऊस, गुऱ्हाळे आणि विहिरींवरची ऑइल इंजिने यांनी या वृत्तीला रोजगार दिला, उद्यमनगरातल्या लेथ आणि ओतशाळा त्यातूनच वाढल्या. जुन्या ऑइल इंजिनाच्या बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल ओतणारा हात तोच धातू १९२० च्या मोटारीच्या कनेक्टिंग रॉडमध्येही ओतू शकतो. पुढे शाफ्टला निळा रंग लावून तो फिरवायचा, बेअरिंगवर जिथे रंग उमटेल तिथे पात्याने खरवडायचे, पुन्हा रंग, पुन्हा खरवड. मुद्रितशोधन केलेल्यांना यातली चिकाटी वेगळी सांगायला नको. लाकडी आऱ्यांची चाके असतील तर बैलगाडीचे चाक करणारा सुतार कामी येतो. तुंबा, आरे आणि पुठ्ठे यांचे सांधे उन्हाळ्यात का वाजू लागतात आणि लोखंडी धाव तापवून का चढवतात, हे त्याला कुठल्या पुस्तकातून शिकावे लागलेले नसते.

ओतकामातली एक गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात घ्यावी. मोडलेल्या बिडाच्या भागावरून साचा घेतला आणि तसाच दुसरा ओतला, तर नवा भाग जुन्याहून किंचित लहान निघतो, कारण बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. त्या प्रतीवरून आणखी एक प्रत काढली तर ती त्याहून लहान. म्हणून पॅटर्न करणारा कारागीर आकसण्याचा हिशेब धरून मूळ मापाहून मोठा पॅटर्न करतो, शिवाय लेथवर जाणारा भाग वेगळा धरतो. समोरचा तुकडा झिजलेला आहे, तेव्हा त्याचे मूळ माप आजच्या मापावरून नव्हे तर झिजेच्या खुणांवरून अनुमानाने काढायचे असते. प्रतीची प्रत काढताना काय घडते याचे इतके उघड उदाहरण मला हस्तलिखितांच्या अभ्यासातही सापडलेले नाही.

भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू होऊन १९६६ मध्ये पुऱ्या झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण इथे होणे अपरिहार्य आहे. वि. स. सुखटणकरांनी व्यासांचा ‘मूळ’ शब्द हाती लागेल असा दावा केला नव्हता. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितके जाणे, एवढीच त्यांची प्रतिज्ञा होती. आणि बाजूला ठेवलेला पाठ त्यांनी फेकला नाही, तळटीपांत आणि परिशिष्टांत नोंदवला. जुन्या मोटारीच्या बाबतीत ही शिस्त आपण पाळतो का?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ची व्याख्या केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी, जिच्या सांगाड्यात, कवचात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही, ती व्हिंटेज. नव्याने नोंदणी करायची तर शुल्क वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी वा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती बाहेर पडते. (या हिशेबाने आपल्या लहानपणीच्या कित्येक फियाट आणि अँबॅसिडरही आता व्हिंटेज झाल्या आहेत, ही बाब चाळिशीतल्या वाचकांनी मनाला लावून घेऊ नये.) गाड्या भंगारात जाऊ नयेत म्हणून केलेला हा नियम स्वागतार्हच आहे. पण त्याच्या भाषेत ‘मूळ रूप’ म्हणजे कारखान्यातून निघाल्या दिवशीचे रूप असा ध्वनी आहे. १९४४ साली गॅसवर चाललेली आणि १९५८ साली कोल्हापुरी पिस्टन बसवलेली गाडी या व्याख्येत अपराध्यासारखी उभी राहते. वास्तविक तो पिस्टन बसला नसता तर गाडी आज नियमाला सापडण्यापुरतीही उरली नसती.

यातून एक नवाच धोका उभा राहिला आहे. फोर्डच्या १९२७ ते १९३१ मधल्या ‘मॉडेल ए’सारख्या गाड्यांचे हुबेहूब नवे भाग अमेरिकेत आजही तयार होतात आणि मागवता येतात. ऐपतदार संग्राहक ते मागवतो, साठ वर्षांपूर्वी इथल्या लेथवर उतरवलेला भाग काढून भंगारात टाकतो आणि गाडी ‘ओरिजिनल’ झाली म्हणतो. परवापरवा परदेशी यंत्रावर निघालेली वस्तू मूळ आणि सत्तर वर्षांपूर्वी उद्यमनगरात हाताने घडलेली वस्तू प्रक्षिप्त, हा न्याय मला मान्य होण्यासारखा नाही. त्या भागावर कानशीचे ओरखडे असतात, कधी ठोकलेली अक्षरे असतात. ज्या कारागिरांनी आयुष्यात एक ओळ लिहून ठेवली नाही, त्यांचे हस्ताक्षर म्हणायचे तर ते एवढेच आहे. तंतोतंत जुनेपणाचा आग्रह संग्रहालयातल्या, कधीच न हलणाऱ्या गाडीपुरता मी समजू शकतो. आमच्या वडगावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे, त्यांचे निधन १७०८ सालचे. समाधीच्या दगडाने जागच्या जागी राहावे एवढीच आपली अपेक्षा असते. मोटारीचे तसे नाही. ती चालली नाही तर तिच्याविषयीचे निम्मे ज्ञान नाहीसे होते, कारण ते ज्ञान चालत्या इंजिनाच्या आवाजात आणि मेस्त्रीच्या कानात असते.

आणि चालवायची म्हटले की तडजोड आली. ताजे उदाहरण इंधनाचे. २०२५ साली देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेले. वारणा-पंचगंगेच्या खोऱ्यातल्या ऊसवाल्यांना त्यात दुःख असण्याचे कारण नाही. परंतु इथेनॉल हवेतली ओल शोषते, टाकीतला जुना थर सोडवते, जुने रबर फुगवते. काही जुन्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणारा तरंगक बुचाच्या लाकडाचा असतो आणि त्याला चपड्याचे म्हणजे लाखेचे रोगण दिलेले असते. लाख मद्यार्कात विरघळते, हे लाकडाला पॉलिश करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. रोगण सुटते, बूच इंधन पिऊन जड होतो, खाली बसतो आणि पेट्रोल बाहेर वाहू लागते. गाडी बंद पडते, प्रसंगी पेटतेही. शंभर वर्षांपूर्वीच्या अभियंत्याने चुकीचे काही केलेले नव्हते, त्याच्या पेट्रोलमध्ये ऊस नव्हता इतकेच. अशा वेळी पितळी पत्र्याचा पोकळ तरंगक करून बसवावा लागतो, त्याचे वजन जुन्याशी ताडून पाहावे लागते आणि इंधनवाहिनीचे रबर बदलावे लागते. मग आधी गल्लीत, नंतर वाठारपर्यंत, आणि सगळे ठीक वाटले तर पन्हाळ्याच्या चढावर गाडी नेऊन दर फेरीनंतर गाळणी उघडून पाहायची. आणि उतरवलेला बूच फेकायचा नाही. तो कोणत्या वर्षी, कशासाठी काढला ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठीसकट एका डब्यात घालायचा, आणि डबा गाडीच्या कागदपत्रांशेजारी ठेवायचा.