डाल्मेशियाच्या किनाऱ्यावर शिडाच्या नौकेतून : आठवड्याच्या सागरी सहलीची आखणी

जून उजाडला की गोव्याचा समुद्र खवळतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, जलक्रीडा थांबतात आणि होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांखाली झाकल्या जातात. नेमक्या याच दिवसांत एड्रियाटिक समुद्रात शिडांचा हंगाम भरात असतो. एड्रियाटिक म्हणजे इटली आणि बाल्कन प्रदेश यांच्यामधून उत्तरेकडे शिरलेला भूमध्य समुद्राचा फाटा. त्याच्या पूर्व काठावर क्रोएशियाचा डाल्मेशिया हा प्रांत पसरलेला आहे. क्रोएशियाच्या किनाऱ्यालगत हजाराहून अधिक बेटे व खडक आहेत; त्यांपैकी सुमारे पन्नास बेटांवरच कायमची वस्ती आहे. मोठी बेटे खुल्या समुद्राकडून येणाऱ्या लाटा बऱ्याच अंशी अडवतात आणि एका बंदरातून दुसरे बंदर काही तासांत गाठता येते. म्हणूनच भाड्याने नौका घेऊन सहल करणाऱ्यांचा हा आवडता किनारा ठरला आहे.

मात्र ही सहल बसच्या सहलीसारखी आखता येत नाही. नौका परत करण्याचा दिवस व तास करारात लिहिलेला असतो. वारा कोणत्याही कराराने बांधलेला नसतो. सहलीतील बहुतेक अडचणी, आणि क्वचित अपघातही, या दोहोंच्या ओढाताणीतून उद्भवतात. त्यामुळे आखणीचा पाया प्रेक्षणीय स्थळांच्या यादीवर घालून चालत नाही. वारे, आसऱ्याची बंदरे आणि राखून ठेवलेला वेळ या तीन गोष्टींवर तो घालावा लागतो.

तीन वारे

डाल्मेशियाच्या खलाशाचे दैनंदिन जीवन तीन वाऱ्यांभोवती फिरते. पहिला ‘माएस्त्राल’. उन्हाळ्यात जमीन तापली की समुद्राकडून वायव्येचा वारा वाहू लागतो. शालेय भूगोलात ज्यांना ‘खारे वारे’ म्हणतात, त्यांचेच हे रूप होय. सकाळी उशिरा तो सुरू होतो, दुपारी जोर धरतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास पडतो. आकाश निरभ्र राहते. सहलीच्या शिडांना बळ मिळते ते प्रामुख्याने याच वाऱ्याचे.

दुसरा ‘युगो’. आग्नेयेकडून येणारा हा उबदार, दमट वारा हळूहळू वाढतो आणि दोन-तीन दिवस टिकू शकतो. आकाश भरून येते, कधी पाऊस पडतो आणि लांब पल्ल्याच्या मोठ्या लाटा उठतात. तो आधी चाहूल देतो, हीच त्यातली सवलत.

तिसरा ‘बुरा’. हिंदीतील शब्दाशी त्याचे काही नाते नाही. पण खलाशांच्या लेखी अर्थ फारसा वेगळा नाही. किनाऱ्यामागच्या डोंगरांवरून ईशान्येची थंड, जड हवा खाली कोसळते. वारा एकसारखा वाहत नाही, झोतांनी येतो. हिवाळ्यात त्याचे झोत ताशी २०० किलोमीटरच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. उन्हाळ्यात तो दुर्मीळ व अल्पजीवी असतो, तरी स्वच्छ आकाशात अचानक सुटतो. डोंगराच्या कड्यावर ढगांची पांढरी झालर दिसू लागणे ही त्याची जुनी खूण होय.

भरती-ओहोटीची चिंता मात्र येथे नसते. गोव्यात पाण्याची पातळी मोठ्या भरतीला दोन मीटरच्या आसपास चढते. डाल्मेशियात हा फरक सहसा अर्ध्या मीटरपेक्षा कमी असतो. म्हणून येथे वेळापत्रक पाण्यानुसार नव्हे, तर वाऱ्यानुसार ठरते.

हंगाम

हंगाम मे ते ऑक्टोबर असा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये माएस्त्राल भरवशाचा असतो, पण उकाडा, गर्दी आणि भाडे तिन्ही शिखरावर असतात. दुपारी उशिरा पोहोचणाऱ्याला बंदरात जागा मिळणे अवघड जाते. जून आणि सप्टेंबर हे सर्वांत सोयीचे महिने. सप्टेंबरमध्ये समुद्राचे पाणी अजून उबदार असते. मे व ऑक्टोबरमध्ये भाडे बरेच उतरते. परंतु युगो आणि बुरा यांची शक्यता वाढते, म्हणून मार्ग आणखी आखूड ठेवावा.

नौका, कप्तान आणि परवाना

नौका सामान्यतः शनिवार ते शनिवार भाड्याने मिळते. ताबा शनिवारी संध्याकाळी मिळतो. परतताना शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मूळ बंदरात यावे लागते आणि शनिवारी सकाळी सामान घेऊन उतरावे लागते. म्हणजे ‘सात दिवसांच्या’ सहलीत पूर्ण प्रवासाचे दिवस सहाच.

बारा मीटर लांबीच्या नौकेत सहा ते आठ जण झोपू शकतात. दोन तळ जोडलेली कॅटमरान कमी कलते, तिच्यात जागा जास्त असते आणि लहान मुले व ज्येष्ठांना ती सोयीची पडते. तिचे भाडे व बंदरशुल्क मात्र जास्त असते.

स्वतः नौका चालवायची असल्यास क्रोएशियाच्या सागरी खात्याने मान्य केलेले चालकाचे प्रमाणपत्र आणि व्हीएचएफ रेडिओ वापरण्याचा परवाना लागतो. भारतीय प्रमाणपत्र चालेल असे गृहीत धरू नये. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी नौका देणाऱ्या कंपनीकडून लेखी खात्री करून घ्यावी. अनुभव नसलेल्यांनी कप्तान नेमावा. त्याचे मानधन दिवसाला साधारण दोनशे युरोच्या आसपास असते, जेवण सहलकऱ्यांकडे असते आणि त्याला झोपायला एक जागा द्यावी लागते. आठ जणांची नौका घेऊन आठ जणांचा गट नेल्यास कप्तानासाठी जागाच उरत नाही, ही नेहमीची चूक.

कप्तान नेमला तरी दोन गोष्टी गटाने स्वतः पाहाव्यात. मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे आधी मागून घ्यावीत आणि नौकेतील प्रत्येकाला रेडिओचे १६ क्रमांकाचे आपत्कालीन चॅनेल वापरता यावे. सागरी बचावासाठी क्रोएशियात १९५ आणि सर्वसाधारण मदतीसाठी ११२ हे दूरध्वनी क्रमांक आहेत.

सात दिवसांचा मार्ग

स्प्लिट हे सोयीचे प्रस्थानबंदर आहे. रोमन सम्राट डायोक्लेशनने चौथ्या शतकाच्या आरंभी बांधून घेतलेल्या राजवाड्याच्या भिंतींतच या शहराचा जुना भाग वसला आहे. १९७९ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. विमानतळ शहर आणि त्रोगीर यांच्या दरम्यान आहे.

पहिल्या दिवशी ब्राच बेटावरील मिल्ना गाठावे. अंतर सुमारे दहा सागरी मैल असून बंदर चांगल्या आसऱ्याचे आहे. नौकेची सवय होण्यास एवढा पल्ला पुरेसा. दुसऱ्या दिवशी अंदाज अनुकूल असेल तरच दूरच्या विस बेटाकडे निघावे. युगोस्लाव्हियाच्या काळात विस हा लष्करी तळ होता आणि १९८९ पर्यंत परदेशी पर्यटकांना तेथे प्रवेश नव्हता. त्यामुळे तेथील गावे व द्राक्षमळे आजही शांत आहेत. तिसरा दिवस तेथेच घालवून शेजारच्या बिशेव्हो बेटावरील निळी गुहा पाहता येते. गुहेत लहान होडीतूनच जाता येते, दहा ते बारा या वेळेत प्रकाश उत्तम असतो आणि लाटा असल्यास ती बंद राहते.

चौथ्या दिवशी ह्वार बेटासमोरील पाल्मिझाना. पाचव्या दिवशी ह्वारच्या उत्तरेकडील लांब खाडीच्या टोकाशी असलेले स्तारी ग्राद. इसवी सनापूर्वी ३८४ मध्ये पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी हे गाव वसवले. त्यांनी दगडी बांधांनी आखलेले शेतीचे पट्टे अद्याप ओळखू येतात आणि तेथे आजही द्राक्षे व ऑलिव्ह पिकतात. सहाव्या दिवशी स्प्लिटला परत. संपूर्ण फेरी शंभर सागरी मैलांच्या आत बसते.

या मार्गात प्रत्येक वाऱ्याला पर्याय आहे. ह्वार शहराचे बंदर दक्षिणेला उघडे असल्याने युगोमध्ये तेथे राहणे त्रासाचे होते; अशा वेळी पाल्मिझाना किंवा स्तारी ग्राद बरे. उलट बुराचा इशारा असेल तर ईशान्येला उघड्या असलेल्या विसच्या उपसागरात रात्र काढू नये. प्रत्येक मुक्कामाला असा एक पर्यायी मुक्काम आखणीच्या कागदावर आधीच लिहिलेला असावा.

डुब्रोव्हनिकचा मोह

गोमंतकीय वाचकाला डुब्रोव्हनिकविषयी कुतूहल वाटणे साहजिक आहे. रागुसा या नावाने हे नगर १८०८ पर्यंत स्वतंत्र व्यापारी प्रजासत्ताक होते. तिसवाडीतील गवंडाळी येथील सांव ब्राझ चर्च ज्या संताला अर्पण केले आहे, तोच संत डुब्रोव्हनिकचा रक्षक मानला जातो. सोळाव्या शतकात रागुसाचे व्यापारी येथे राहून गेले, त्यांचीच ही खूण, असे मानले जाते.

परंतु स्प्लिटहून डुब्रोव्हनिकला नौकेने जाऊन त्याच आठवड्यात परतणे म्हणजे रोज दिवसभर धावणे. नौकेची सहल संपवून तेथे रस्त्याने जावे. २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल खुला झाल्यापासून वाटेत बोस्नियाची हद्द ओलांडावी लागत नाही, त्यामुळे व्हिसाचा प्रश्नही उभा राहत नाही.

कागदपत्रे आणि खर्च

१ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात असून तेथे युरो चालतो. भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. पोर्तुगीज पारपत्र असलेल्यांना व्हिसाची गरज नाही. कुटुंबात दोन्ही प्रकारची पारपत्रे असल्यास व्हिसा हाती येईपर्यंत नौकेची पूर्ण रक्कम भरू नये.

भाड्याखेरीज अनामत रक्कम, शेवटची साफसफाई, पर्यटनकर, इंधन आणि बंदरशुल्क हे खर्च स्वतंत्र असतात. मोठ्या मरीनात हंगामात बारा मीटरच्या नौकेला एका रात्रीचे शंभर युरो किंवा त्याहून अधिक पडू शकतात. गावातल्या ‘कोनोबा’ या घरगुती खानावळीत ताजी मासळी बहुधा किलोच्या दराने असते. वजन व भाव आधी विचारावा. शाकाहारींनी पहिल्याच दिवशी स्प्लिटमध्ये शिधा भरून घ्यावा.

राखीव दिवस

आखणीतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे रिकामा ठेवलेला एक दिवस. सर्वांत दूरचे ठिकाण आठवड्याच्या पूर्वार्धातच पाहून घ्यावे आणि गुरुवारची रात्र मूळ बंदरापासून वीस सागरी मैलांच्या आत काढावी. परतीची दिशा उत्तरेकडची असल्याने माएस्त्राल चढण्यापूर्वी, सकाळीच निघणे श्रेयस्कर. वारा प्रतिकूल असेल तर राखीव दिवस बंदरातच खर्च करावा.

‘आज निघायचे नाही’ असे कप्तानाने सांगितले, तर गटाने तो शब्द अखेरचा मानावा, हे निघण्यापूर्वीच सर्वांमध्ये ठरलेले असावे. पाहायचे राहून गेलेले बेट पुढच्या वर्षीही तेथेच असते. कराराची वेळ गाठण्यासाठी वादळात सोडलेल्या नौकेबद्दल तसे म्हणता येत नाही.