काशीचा उंदीर, बिळातला उंदीर आणि पाचशे वर्षांचा शिंपला

१९६८ साली काशी हिंदू विश्वविद्यालयातील मधुसूदन कानुनगो यांच्या प्रयोगशाळेतून एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या वयांच्या उंदरांचे मेंदू, हृदय, स्नायू आणि यकृत त्यासाठी तपासले गेले होते. लक्ष होते लॅक्टेट डिहायड्रोजनेज या विकरावर. त्याचे एक रूप प्राणवायू मुबलक असताना सोयीचे. दुसरे, प्राणवायू अपुरा पडला की ऊर्जेची निकड भागवणारे. म्हातारपणी मेंदू, हृदय व स्नायूंत हे दुसरे रूप अधिक घटते, असे आढळले. पुढे १९७५ साली कानुनगोंनी प्रतिपादन केले की वार्धक्य ही निव्वळ झीज नसून, प्रजननकाळानंतर जनुकांच्या नियंत्रणात क्रमाने होणारा बदल आहे.

काशीचा उंदीर दोन-तीन वर्षांत म्हातारा होतो, म्हणूनच तो प्रयोगाला सोयीचा. उशिरा म्हातारे होणारे प्राणी मात्र अन्यत्र होते. पूर्व आफ्रिकेतील बिळांत राहणारा, जवळजवळ केशहीन नेकेड मोल-रॅट आकाराने उंदराएवढाच, पण तीस वर्षांहून अधिक जगतो. वय वाढल्याने त्याच्या मृत्यूचा धोका वाढत नाही, असे २०१८ च्या अभ्यासात दिसले. उत्तर अटलांटिकच्या तळाशी राहणारा आर्क्टिका आयलँडिका हा शिंपला तर शतके ओलांडतो. २००६ साली आइसलँडजवळ मिळालेल्या ‘मिंग’चा जन्म १४९९ चा ठरला, म्हणजे वास्को द गामा कालिकतला उतरल्याच्या दुसऱ्याच वर्षीचा. (वय मोजले गेले, तेव्हा बिचारा हयात नव्हता.)

दोघेही प्राणवायूविना तग धरतात: मोल-रॅट १८ मिनिटे, शिंपला चिखलात शिंपा मिटून कित्येक दिवस. येथे साम्य दाखवून थांबण्याचा मोह होतो. पण वाटा भिन्न आहेत. मोल-रॅट फ्रुक्टोज वापरतो आणि लॅक्टेटच तयार करतो, म्हणजे कानुनगोंचे विकर तेथे कामावर असते. शिंपल्याच्या शरीरात मुख्यतः सक्सिनेट साठते; शिवाय तो चयापचयच जवळपास थांबवतो. मोल-रॅटच्या मेंदूला तेवढी सवलत नाही.

कानुनगोंच्या मांडणीची खरी कसोटी प्रजननाशी आहे. मोल-रॅटच्या वसाहतीतील राणी उतारवयातही पिले देत राहते. तिच्या बाबतीत प्रजननकाळ संपतो केव्हा, आणि तो संपतच नसेल तर वार्धक्य सुरू तरी कोठून व्हावे? वाराणसीच्या पिंजऱ्यातील उंदरांना हा प्रश्न विचारता येणे शक्य नव्हते. कानुनगो २०११ साली निवर्तले. ‘मिंग’चे खरे वय त्यानंतर दोन वर्षांनी निश्चित झाले.