संतमस : मोजलेले आणि कल्पिलेले

चैत्रात रात्री आठाच्या सुमारास नांदूरघाटच्या अंगणात उभे राहिले, तर मघा नक्षत्राचा ठळक तारा जवळजवळ माथ्यावर दिसतो. त्याच्या दक्षिणेस षडंश नावाचा तारकासमूह आहे. त्यातील एक तारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. परंतु त्याचे नाव बिभा आणि त्याच्या ग्रहाचे नाव संतमस. ही दोन्ही नावे भारताने दिली आहेत, म्हणून आज त्यांची हकीकत सांगावी असे आम्ही योजले आहे.

सूर्याव्यतिरिक्त सूर्यासारख्याच एका ताऱ्याभोवती ग्रह फिरतो, हे प्रथम १९९५ साली मेयर व केलोझ यांनी दाखविले. संतमसाचा शोध २००६ चा. तो दुर्बिणीतून कोणी पाहिला नाही. ग्रहाच्या ओढीने तारा मागेपुढे डुलतो, आणि त्याच्या प्रकाशावरून हा वेग कळतो. तो सेकंदास सुमारे २०० मीटर भरला. त्यावरून असे निघाले, की ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या किमान दीडपट आहे, ताऱ्यापासून त्याचे अंतर सुमारे ५२ लक्ष किलोमीटर आहे आणि त्याची प्रदक्षिणा २.१४ दिवसांत पुरी होते. सोमवारी सकाळी सुरू झालेले वर्ष बुधवारी दुपारपूर्वी संपते! इतक्या जवळ असल्यामुळे त्याचे तापमान हजार अंशांच्या वर असले पाहिजे, असे गणित सांगते.

येथपर्यंत मोजमाप व गणित झाले. पुढे कल्पना सुरू होते. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या शताब्दीनिमित्त २०१९ साली देशोदेशींच्या लोकांना नावे सुचविण्यास सांगितले गेले. पुण्याच्या तेरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने 'संतमस' हे नाव सुचविले. ग्रहाचे वातावरण ढगांनी झाकलेले असावे, हा त्यामागील भाव. अमरकोशात संतमस म्हणजे सर्वत्र पसरलेला अंधार. पण ते ढग कोणी पाहिलेले नाहीत. आपल्या मराठवाड्यात ढग दिसला की पावसाची आशा धरावी. तिथल्या उष्णतेत मात्र पाण्याचा ढग टिकणार नाही. असलेच, तर ते खनिजांच्या सूक्ष्म कणांचे असतील, असा तर्क करता येतो.

मग कल्पना व्यर्थ काय? ताऱ्याच्या नावातच याचे उत्तर आहे. बिभा चौधुरी या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील पहिल्या महिला संशोधक. त्यापूर्वी कलकत्त्यास देवेंद्रमोहन बोस यांच्यासह त्यांनी दार्जिलिंगच्या उंचीवर छायाचित्रणाच्या काचा ठेवून विश्वकिरणांतील कणांचा माग घेतला. कणांच्या वस्तुमानाविषयी त्यांनी अनुमान बांधले. परंतु युद्धामुळे अधिक चांगल्या काचा मिळेनात आणि काम थांबले. पुढे तशा काचांच्या साह्याने पॉवेल यांनी ते काम तडीस नेले व १९५० चे नोबेल पारितोषिक मिळविले.

अनुमानाला मोजमापाची जोड वेळेवर मिळाली नाही, तर काय हातचे जाते, हे यावरून दिसते. म्हणून संतमसावर ढग आहेत काय, असे मुलांनी विचारले, तर 'असतील. अजून मोजलेले नाहीत' असे आम्ही सांगू, आणि ते मोजण्याचे काम त्यांच्यावर सोपवू.