तळटीप : भोपाळ प्रकरणातला अमेरिकी वकील
‘तो अमेरिकी वकील’ : मेल्व्हिन बेली (१९०७–१९९६), सॅन फ्रान्सिस्कोचा. ट्रामच्या अपघातात पाय गमावलेल्या अशिलाच्या खटल्यात त्याने कागदात गुंडाळलेलं लांबट पुडकं कोर्टात टेबलावर ठेवलं. आत तुटलेला पाय असणार म्हणून ज्युरी धास्तावलेली. शेवटी निघाला कृत्रिम पाय, तोही त्याने ज्युरीच्या हातात दिला. भोपाळच्या वायुगळतीनंतर आठवड्याच्या आत, डिसेंबर १९८४मध्येच, त्याने व सहकाऱ्यांनी युनियन कार्बाइडवर अमेरिकेत १५ अब्ज डॉलरचा दावा ठोकला. लेखकाने त्याला सरसकट ‘गिधाड’ म्हटलं आहे. ते अर्धंच खरं. असे भरपाईचे दावे लढवणारे अमेरिकी वकील खटल्याचा खर्च पदरचा करतात, जिंकले तर भरपाईतला साधारण तिसरा हिस्सा घेतात, हरले तर हात हलवत परततात. (भारतात वकिलाला असा वाटा घ्यायला मनाई आहे.) भोपाळमध्ये मात्र १९८५च्या कायद्याने पीडितांच्या वतीने लढायचा हक्क भारत सरकारनेच घेतला आणि १९८९मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पदरच्या खर्चाची ही जोखीम बेलीला भोवलीही. त्याची वकिली कंपनी १९९५मध्ये दिवाळखोरीत गेली : स्तनरोपणाच्या दाव्यांत तज्ज्ञ साक्षीदारांवर लाखो डॉलर ओतले, आणि प्रतिवादी डाऊ कॉर्निंगनेच आधी दिवाळं काढलं. — संपा.