अवटु ग्रंथी आणि श्वानाचे ऋण (धागा)

१/ बीड जिल्ह्यातील एखाद्या वस्तीवर मेंढरे राखणारा कुत्रा दोन भाकरी जास्त खाऊनही वाळत चालला, पाण्याच्या हौदापासून हलेनासा झाला आणि रात्रभर धापा टाकत येरझाऱ्या घालू लागला, तर घरची माणसे जंत किंवा म्हातारपण यांवर बोट ठेवतील. बहुतेक वेळा ते बरोबरही ठरेल. क्वचित मात्र या साऱ्याचे मूळ गळ्यात, अतिरेकी काम करणाऱ्या अवटु ग्रंथीत, म्हणजे थायरॉइडमध्ये असते. ही ग्रंथी माणसाला उमगली ती कुत्र्यांच्याच जिवावर.

२/ फुगलेला गळा, धडधडणारे हृदय आणि बाहेर आलेले डोळे यांचे वर्णन डब्लिनच्या ग्रेव्ह्जने १८३५ मध्ये व जर्मनीच्या बासेडोने १८४० मध्ये केले होते. ग्रंथीचे कार्य काय, हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

३/ १८५६ मध्ये बर्न येथे मोरित्झ शिफ याने कुत्र्यांच्या अवटु ग्रंथी काढून टाकल्या. कुत्री मेली. १८८४ मध्ये जिनिव्हात त्याने हेच प्रयोग पुन्हा केले. या वेळी काही कुत्र्यांच्या पोटात आधी दुसऱ्या कुत्र्याची ग्रंथी बसवली, आणि ती तगली. ग्रंथी रक्तात काहीतरी सोडते, या कल्पनेला त्यातून बळ मिळाले.

४/ शिफच्या निष्कर्षात एक खोट होती. स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉमला अवटु ग्रंथीलगत चिमुकल्या परावटु ग्रंथी आढळल्या होत्या, त्याही प्रथम एका कुत्र्यात! त्याचा १८८० चा लेख दुर्लक्षित राहिला. पुढे पॅरिसच्या ग्ले याने १८९१ मध्ये, आणि इटलीच्या वासाले व जेनेराली यांनी १८९६ मध्ये दाखवून दिले की आचके देऊन येणारा तो मृत्यू परावटु ग्रंथी गेल्यामुळे होता. त्या ग्रंथी रक्तातील कॅल्शियम सांभाळतात.

५/ मधल्या काळात माणसांनीही किंमत मोजली. संपूर्ण ग्रंथी काढलेले आपले रुग्ण मंद व सुस्त झाल्याचे शल्यविशारद कोखर याने १८८३ मध्ये स्वतःच जाहीर केले. १९०९ चे नोबेल त्याला मिळाले. शिफच्या कुत्र्यांची नावे कोणी नोंदवली नाहीत.

६/ गंमत अशी की ग्रेव्ह्जचा आजार कुत्र्यांना जवळजवळ होत नाही. मांजरांत ग्रंथीचा अतिरेक सर्रास आढळतो. कुत्र्यात तो दिसला की पहिला संशय अवटु ग्रंथीच्या कर्करोगाचा, आणि अशा गाठींपैकीही थोड्याच जादा संप्रेरक स्रवतात. म्हणून पशुवैद्य आधी गळा चाचपतो, मग रक्तातील थायरॉक्सिन तपासतो.

७/ दुसरे कारण कसायाच्या ओट्यावरचे. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत १९८४-८५ मध्ये माणसांनाच ही लक्षणे झाली. गुरांच्या गळ्याचे मांस खिम्यात मिसळले होते, आणि त्यात अवटु ग्रंथीचा अंश होता. २०१२ मध्ये जर्मन पशुवैद्यांनी कच्चे मांस किंवा गळ्याचे तुकडे खाणाऱ्या बारा कुत्र्यांत तेच नोंदवले. आहार बदलल्यावर बहुतेकांचे रक्त पूर्ववत झाले. ज्याचा कुत्रा मांसाच्या दुकानामागच्या तुकड्यांवर पोसला जातो, त्याने शस्त्रक्रियेच्या धास्तीआधी हे तुकडे बंद करून काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासून घ्यावे.

८/ गाठ असेल आणि ती बोटाखाली हलत असेल, तर ती काढणे उत्तम. मेथिमाझोल संप्रेरक आवरते. कर्करोग आवरत नाही. दोन्ही बाजू काढाव्या लागल्या तर ग्लेचा धडा समोर उभा राहतो: परावटु ग्रंथी वाचवायच्या, न वाचल्यास कॅल्शियम व ड जीवनसत्त्व द्यायचे आणि थायरॉक्सिनची गोळी जन्मभर.

९/ मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये निघाले, तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होते. शेजारच्या परभणीत ते आले १९७२ मध्ये. तोवर बीडच्या धनगराला कुत्र्याच्या गळ्यातील गाठ दाखवायला अशी संस्था मराठवाड्यात नव्हती.